बिनसाखरेचं यीस्ट

एका माणसाचा स्वयंपाक कसा करायचा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. माहेरी सणसरला आम्ही चौदा-पंधरा माणसं. आजोबांच्या काळात मेंढरं होती, माझ्या आठवणीत ती जाऊन ऊस आलेला. पण परात तीच राहिली, मेंढरांमागं जाणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढी. लग्न होऊन वालचंदनगरला गेले. हे तिथं कंपनीत फिटर. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं. दोघांपुरतं पीठ घ्यायला शिकण्यात माझं वर्ष गेलं. रोज भाकरी उरायच्या. हे टोपली उघडून बघायचे आणि म्हणायचे, "अजून कोण येणार हाय का जेवायला? सांगा तरी, मी अंघोळ करून बसतो."

मग माझा हात बसला. दोन मुठी इकडं नाही, तिकडं नाही. पंधरा-सोळा वर्षं तसंच माप चाललं, आणि हे गेले. तीन दिवसांचा ताप, बास. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर कंपनीचं, ते सोडावं लागलं. सणसरला भावाकडं दोन वर्षं काढली. भावानं कधी वाकडा शब्द काढला नाही, वहिनीनंही नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या घरात माझी एक ट्रंक होती, आणि ती रोज कुणाच्या तरी पायात यायची. "आत्या, ही जरा सरकवू का?" असं पोरं विचारायची. ती सरकत सरकत शेवटी गोठ्याच्या भिंतीला लागली. तवा मी ठरवलं, काम बघायचं.

नव्वदीची मधली वर्षं असतील. बारामतीत एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर पाहिजे होती. परिचर म्हणजे काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, प्रयोगाचं सामान मांडायचं. माझं शिक्षण सातवी. ऑर्डर वर्षाची, दर जूनला नवी मिळायची; मिळाली तर. पण तेवढ्यावर मी एक खोली घेतली. दाराला आतून कडी होती. ती कडी माझी मी लावायची आणि माझी मी काढायची. या एका गोष्टीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

काम मला आवडलं. कांद्याची मुळं वाढवायला मी तिथं शिकले. परीक्षानळीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बुडाला पाणी टेकलं पाहिजे, चार-पाच दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्यांची टोकं सकाळच्या ठरावीक वेळी कापायची, कारण पेशींची वाटणी तेव्हा जास्त चाललेली असते. टोक रंगवून काचेखाली दाबलं की सूक्ष्मदर्शकात दिसतं, एका पेशीच्या दोन होताना. पोरं घरी गेली की मी एकटीच बघत बसायची. पोरांनी विसरलेली पुस्तकं असायची, ती वाचायची. अडलं की जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना विचारायचं. मॅडम पुण्याच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, नवऱ्याची बदली झाली म्हणून बारामतीला आलेल्या. मला मावशी म्हणायच्या. कधी "तुम्हाला काय करायचंय" म्हणाल्या नाहीत.

तर त्या वर्षी मार्गशीर्षात माझा हात कापला. चूक माझीच. रबरी बुचात काचेची नळी बसवायची, तर नळी आधी पाण्यानं ओली करायची असते आणि हातात फडकं धरायचं असतं. हे मीच नव्या पोरांना सांगायची. त्या दिवशी घाई केली. नळी मोडली आणि उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी घुसली. टाके पडले. दहा दिवसांनी टाके काढले आणि दोन दिवसांत जखम पुन्हा उघडली.

रविवारी एसटीनं सणसरला गेले. वहिनीनं हात बघितला, तोंडाला पदर लावला आणि पथ्य सांगायला बसली.

"भात अजिबात न्हाय. भातानं पू धरतो."

"बरं."

"डाळ न्हाय, वातूळ असती. वांगं न्हाय. बटाटा न्हाय. आंबट न्हाय, गोड न्हाय, दूध तर शिवायचंच न्हाय."

भाऊ दारात बसला होता. म्हणाला, "अगं, पाणी तरी चालतंय का तिला?"

"तुमी गप बसा. तुमच्या पायाला फाळ लागला तवा सासूबाईंनी महिनाभर कोरड्या भाकरीवर ठेवलं हुतं, म्हणून चालताय आज."

आमच्यात हे असंच होतं. जखम म्हटली की माणसाला कोरड्या भाकरीवर ठेवायचं. आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. मीही ते बिनतक्रार धरलं. सकाळी एक भाकरी, तेल-मीठ. त्यातली निम्मी डब्यात. सोमवार होता, चतुर्थी होती, दोन एकादश्या होत्या. ते उपासही चालू. साबुदाणा चिकट, म्हणून तोही बंद. उपासाला नुसता चहा.

आता खरं सांगते, कारण या वयात लपवून काय करायचं. पथ्य मला सोयीचं पडलं होतं. हे गेल्यापासून मी चुलीशी, म्हणजे स्टोव्हशी, धड बसलेच नव्हते. एका माणसासाठी कुकर लावायचा, फोडणी द्यायची, आणि मग भिंतीकडं तोंड करून जेवायचं. पातेलं घासायला घेतलं की वाटायचं, कशासाठी एवढा पसारा? पथ्य आलं आणि मला कारण मिळालं. कुणी विचारलं तर सांगायला बरं, "हाताला चालत नाही." कुणी विचारणारंही फारसं नव्हतं म्हणा.

होते एक, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे परिचर. त्यांना सगळे आबा म्हणायचे. दुपारी आम्ही दोघं मागच्या व्हरांड्यात डबा उघडायचो. त्यांच्या डब्यात चार कप्पे. माझ्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी.

"बाई, डबा हाय का औषधाची पुडी?" आबा म्हणायचे.

"पथ्य आहे, आबा."

"पथ्य जखमेला करायचं का तुमाला? घ्या, वांग्याचं भरीत हाय."

"वांगं तर मुळीच नाही."

"मग ऱ्हावा उपाशी. जोराचं वारं सुटलं तर मला हाक मारा, धरून ठेवतो."

हसायची मी. पण भांडी धुताना डोळ्यापुढं अंधारी यायची, ते कुणाला सांगितलं नाही.

पौष लागला तरी जखम तशीच. पू नव्हता, वास नव्हता, पण भरतही नव्हती. कडा गुळगुळीत, लालसर, जशाच्या तशा. ड्रेसिंग करणारी सिस्टर कापूस फिरवायची आणि म्हणायची, "स्वच्छ आहे हो. मग मिळून का येईना?" डॉक्टरांनी साखर तपासली, ती नव्हती. रक्त कमी निघालं. "जेवता का नीट?" असं त्यांनी विचारलं आणि मी "हो" म्हटलं. अजून पंधरा दिवस बघू, म्हणाले, नाहीतर मांडीची कातडी काढून लावावी लागेल.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. चांगले होते ते, पण सरळ बोलले. "फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. ॲसिड, स्पिरिट, काचा, सगळं हाताळायचं असतं. पट्टी बांधलेल्या हातानं मी तुम्हाला तिथं उभं करू शकत नाही. हात बरा झाला नाही तर दुसरं माणूस घ्यावं लागेल. आणि एकदा घेतलं की जूनला ऑर्डर त्याचीच निघणार, हे तुम्हालाही कळतं."

कळत होतं. खोली सोडायची आणि ट्रंक परत सणसरला, गोठ्याच्या भिंतीला. संध्याकाळी घरी आले तर संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं. गल्लीतल्या बायका घरोघर जात होत्या, माझं दार तेवढं सोडून. त्यात राग नव्हता कुणाचा, रीतच तशी. मी कडी लावली आणि आत बसून राहिले. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जात होते, प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं.

दुसऱ्या दिवशी अकरावीचा यीस्टचा तास होता. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात ते. बेकरीतून आणायचं, कोमट पाण्यात साखर विरघळवायची, त्यात यीस्ट सोडून रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी थेंब काचेवर घेतला की पेशींना अंकुर फुटलेले दिसतात. एक मोठी गोल पेशी, तिच्या कुशीला बारकी गोळी. ती वाढते आणि सुटी होते. यीस्टची वाटणी अशी.

त्या सकाळी पोरं ओरडायला लागली, "मॅडम, काहीच दिसत नाही! नुसते गोळे!"

मॅडमनी एका सूक्ष्मदर्शकात बघितलं, दुसऱ्यात बघितलं. मग माझ्याकडं वळून हसत म्हणाल्या, "मावशी, आज यीस्टला उपास घडवलात की काय?"

आदल्या दिवशी प्राचार्यांकडून आले आणि त्याच तंद्रीत पाणी कोमट केलं, यीस्ट टाकलं, झाकून ठेवलं. साखर घातलीच नव्हती. डबा उघडल्याचंही आठवेना. आधीच हात असा, त्यात ही चूक. मी म्हटलं, "मॅडम, मेलं का सगळं? माझ्यामुळं तास गेला."

"मेलं नाही हो. या, बघा तरी."

मी डोळा लावला. पेशी होत्या. गोल, स्वच्छ, एकेकट्या, एकीपासून दुसरी लांब. एकीलाही अंकुर नाही.

"जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. "थांबल्यात फक्त."

तास संपल्यावर त्यांनी मला साखर घालायला लावली. भांडं उन्हात खिडकीशी ठेवलं. मी बाकीची टेबलं पुसत होते, पण मनात एकच घोळत होतं. शेवटी विचारलंच. "मॅडम, त्यांना कळतं कसं? डोळे नाहीत, डोकं नाही. साखर नाही म्हणून थांबायचं, हे कोण सांगतं?"

मॅडम वह्या तपासत होत्या. पेन खाली ठेवलं. "आपल्या कॅन्टीनमध्ये थंड्याच्या बाटल्यांचे खोके बघितलेत? कॅन्टीनवाल्याला माल संपत आलाय हे कसं कळतं?"

"रिकाम्या बाटल्या दिसतात ना. रिकाम्यांचे खोके वाढले की तो गाडीवाल्याला निरोप देतो."

"तसंच. पेशीतली ताकद बारीक बारीक बाटल्यांत भरलेली असते, असं समजा. काम केलं की बाटली रिकामी. अन्न मिळालं की परत भरायची. पेशीत एक प्रथिन असतं, त्याला या रिकाम्या बाटल्याच येऊन चिकटतात. रिकाम्या फार झाल्या की ते जागं होतं आणि कामं बंद करत सुटतं. सगळ्यात आधी काय बंद करेल?"

मी म्हटलं, "नवं बांधकाम."

"बरोबर. नवं काही बांधायचं नाही, साठवायचं नाही, वाटणी तर नाहीच. आणि वाटणी सुरू करायच्या आधीच थांबायचं, कारण एकदा सुरू केली की अर्ध्यावर सोडता येत नाही. सोडली तर दोन्ही पेशी मरायच्या. मग साठवलेलं असेल ते काढायचं. तेही संपलं तर स्वतःतलंच जुनंपानं मोडून खायचं. वाट बघायची."

"किती दिवस?"

"बरेच दिवस. नुसतं जगायला फार लागत नाही, मावशी. वाढायला लागतं."

मी माझ्या हाताकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं. मीच म्हटलं, "जखमेच्या कडेच्या पेशी वाटल्या गेल्या तरच ती भरून येते ना? पुस्तकात तसं आहे."

"हो."

"मग माझ्याही थांबल्यात की काय?"

मॅडमनी वह्या बाजूला सारल्या. "तुमचा हात म्हणजे यीस्ट नाही. माणसाच्या अंगात रक्तातून साखर येतच राहते, शरीर इकडचं तिकडं करून भागवतं. इतकं सरळ नसतं ते, आणि सगळं अजून कुणाला कळलेलंही नाही. डॉक्टरांनाच विचारा. पण बांधायला माल लागतो, एवढं मी सांगू शकते. तुम्ही जेवता काय?"

मी पथ्य सांगितलं. भात, डाळ, दूध, सगळं सांगितलं, उपास सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. त्यांनी हसायला पाहिजे होतं असं मला तेव्हा वाटलं, कारण त्या गप्प बसल्या तसं मला रडू यायला लागलं. मग मी म्हटलं, "पथ्याचं नाही, मॅडम. एकटीला करून खाणं होत नाही."

हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. भावाला नाही, वहिनीला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणाल्या, "मी काय सांगणार त्यावर? माझ्या घरी या म्हणेन, चार दिवस याल. पाचव्या दिवशी काय?"

त्यांच्याबद्दल मला माया आहे ती या वाक्यामुळं. खोटा धीर दिला नाही.

दुपारी चारला आम्ही पुन्हा थेंब घेतला. सकाळच्या एकेकट्या पेशी आता लेकुरवाळ्या झाल्या होत्या. कुणाला एक अंकुर, कुणाच्या अंकुरालाही अंकुर. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. सकाळपासून त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं, समजूत घातली नव्हती. साखर मिळाली, एवढंच.

घरी जाताना तुरीची डाळ घेतली. तांदूळ होते, पोरकिडे निघाले, निवडले. कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा मीच दचकले, इतके महिने त्या खोलीत शिट्टी वाजली नव्हती. अजून उजेड होता. ताटात भात घेतला, वरण घेतलं, वर तूप सोडलं. आणि घास उचलला तर हात थांबला. भीती वाटली हो. पुस्तकात काहीही असू दे, लहानपणापासून ऐकलेलं, भातानं पू धरतो. पंधरा दिवसांवर कातडं काढायचं आलंय आणि मी आज भात खातेय. सकाळी उठून हात सुजला असला तर? वहिनी म्हणेल, सांगितलं हुतं.

पहिला घास गिळायलाच त्रास झाला. पोट मेल्यागत झालं होतं. कुणी "अजून घे" म्हणणारं नाही, कुणी "बास झालं का?" विचारणारं नाही. समोर भिंत. मी ताट उचललं आणि दारात जाऊन बसले, कडी काढून. शेजारची बाई नळावर कळशी भरत होती. म्हणाली, "आज सैपाक केला व्हय?" मी म्हटलं, "केला." एवढंच बोलणं. पण ताट संपवलं.

सकाळी पट्टी सोडून बघितली. सुजला नव्हता. दुसऱ्या दिवशीही बघितलं. उपास सोडले, देवाला सांगितलं, हात बरा होईस्तोवर माफ कर. आबांच्या भरताला पहिल्यांदा हात लावला तेव्हा ते म्हणाले, "आता माझा डबा गेला." आणि खरंच रोज एक कप्पा माझ्यापुढं सरकवायला लागले. डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. ते रागावले आणि रक्ताच्या गोळ्या वाढवल्या. आठ-दहा दिवसांनी सिस्टर कापूस फिरवता फिरवता थांबली. वाकून बघितलं. "आतून नव्या मांसाचे दाणे धरलेत की," म्हणाली. "आणि ही कड बघा, सरकलीय."

कातडं लावावं लागलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पट्टी गेली. अंगठा थोडा आखडला, तो आजही पुरता मागं जात नाही. पण कांद्याची मुळं मी माझ्या हातानं कापली, रंग माझ्या हातानं मांडले. बाहेरचे परीक्षक प्राचार्यांना म्हणाले की सामान नीटनेटकं आहे. प्राचार्य माझ्या हाताकडं बघून नुसती मान हलवून पुढं गेले. जूनला ऑर्डर निघाली. खोली राहिली.

पण गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगायला पाहिजे. एप्रिलमध्ये कॉलेजला सुट्टी लागली. मॅडम पुण्याला गेल्या, आबा त्यांच्या गावी. व्हरांड्याला कुलूप. हात बरा झाला होता, म्हणजे जेवायला तेही कारण उरलं नाही. त्या दोन महिन्यांत दिवसचे दिवस माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. ऊन असं, की गल्लीत कुत्रंही दिसू नये. अकरा वाजले की मी स्टोव्हपुढं बसायची आणि स्वतःशीच वाद घालायची. आज राहू दे. चहा-बटर खाऊ. कुणाला कळणार आहे?

काही दिवस तसं राहूही दिलं, खोटं कशाला सांगू. पण बऱ्याच दिवशी उठले. मूठभर तांदूळ, त्याच्या निम्मी डाळ. एका माणसाचं माप शिकले मी त्या उन्हाळ्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. अजूनही एकटीच जेवते. एकटं वाटायचं ते वाटतंच, भातानं ते जात नाही. पण ताट वाढून घेते, आणि गार व्हायच्या आत बसते.